झेफरच्या मीटअपला पहिल्यांदा जाताय? मग एवढं करून जा

ई अँड टीसीच्या शेवटच्या वर्षाची मुलं-मुली, सी-डॅकचा डीईएसडी (एम्बेडेड सिस्टिम डिझाइनचा डिप्लोमा) करणारे, किंवा चाकणच्या एखाद्या कंपनीत चार-पाच वर्षं मायक्रोकंट्रोलरवर (उपकरणांच्या आत बसणाऱ्या छोट्या संगणक-चिपवर) सी लिहूनही ओपन सोर्सशी कधी थेट संबंध न आलेले इंजिनिअर. हा लेख अशांसाठी आहे. यातलं कोणीतरी झेफर या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मीटअपची जाहिरात बघतं, नाव नोंदवतं, शनिवारी सकाळी जाऊन तीन भाषणं ऐकतं, समोसा खातं आणि घरी येऊन सांगतं, ‘भारी होतं, पण डोक्यावरून गेलं.’

यात वक्त्याचा दोष नसतो. मीटअप म्हणजे क्लास नव्हे. रोज हे काम करणारी माणसं तिथे आपापसात कामाचं बोलतात, आणि डिव्हाइसट्री, केकॉन्फिग, वेस्ट (तिन्हींची ओळख पुढे येईल) हे समोरच्याला ठाऊक आहे असं धरूनच बोलतात. त्या गप्पांत शिरायचं तर स्वतःचं काहीतरी हातात हवं. अर्धवट चाललेला बोर्ड चालेल, न सुटलेली एरर तर उत्तमच. रिकाम्या हातानं जाणारा श्रोता राहतो, बिघडलेलं बिल्ड घेऊन जाणाऱ्याभोवती चहाच्या वेळी चार जण जमतात. म्हणून या लेखातला मोठा भाग मीटअपच्या आधीच्या आठवड्यावर खर्च केला आहे.

आधी थोडी ओळख

झेफर ही मायक्रोकंट्रोलरसाठीची रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम. लिनक्स फाउंडेशननं २०१६ च्या फेब्रुवारीत हा प्रकल्प जाहीर केला. सुरुवातीचा कर्नल, म्हणजे तिचा गाभा, विंड रिव्हर या कंपनीकडून आला. लायसन्स अपाचे २.०, म्हणजे तुमच्या कंपनीनं ती उत्पादनात वापरली तरी स्वतःचा कोड उघडा करण्याची सक्ती नाही. कंपन्यांना हे सोयीचं पडतं. मीटअपला नॉर्डिक, एनएक्सपी, एसटी, एस्प्रेसिफ यांच्या चिपवर काम करणारे एकाच टेबलाशी दिसतात त्याचं कारणही बरंचसं हेच.

‘रिअल-टाइम म्हणजे फास्ट’ हा गैरसमज घेऊन जाऊ नका. रिअल-टाइमचा अर्थ वेळेची हमी. मोटार कंट्रोलचा लूप दर मिलिसेकंदाला फिरायचा असेल तर तो दर मिलिसेकंदाला फिरलाच पाहिजे. नऊशे नव्याण्णव वेळा अर्ध्या मिलिसेकंदात आटोपला आणि हजाराव्या वेळी तीन मिलिसेकंद लागले, तर ती सिस्टिम नापास. सरासरी कितीही छान असली तरी तिला इथे किंमत नाही, मोजायची ती सर्वांत वाईट वेळ.

याचा सगळ्यात गाजलेला किस्सा मंगळावरचा आहे, आणि मीटअपमध्ये कोणी ना कोणी त्याचा उल्लेख करतंच. नासाचं पाथफाइंडर यान ४ जुलै १९९७ ला मंगळावर उतरलं आणि नंतर अधूनमधून आपोआप रीसेट व्हायला लागलं. त्यात विंड रिव्हरचीच व्हीएक्सवर्क्स ही ऑपरेटिंग सिस्टिम होती. हवामानाची नोंद करणारं एक कमी प्रायोरिटीचं काम एक म्युटेक्स (सामायिक गोष्ट एका वेळी एकालाच वापरू देणारं कुलूप) धरून बसायचं. तोच म्युटेक्स बसचं व्यवस्थापन करणाऱ्या वरच्या प्रायोरिटीच्या कामाला हवा असायचा. आणि मधल्या प्रायोरिटीची कामं येऊन खालच्याला बाजूला सारायची, त्यामुळे म्युटेक्स सुटायचाच नाही. वरचं काम वेळेत झालं नाही हे पाहून वॉचडॉग, म्हणजे सिस्टिम अडकली की हस्तक्षेप करणारा पहारेकरी, अख्खी सिस्टिम रीसेट करायचा. याला म्हणतात प्रायोरिटी इन्व्हर्जन. उपाय म्हणजे म्युटेक्सचा प्रायोरिटी इनहेरिटन्स (म्युटेक्स धरणाऱ्याला तेवढ्यापुरती वाट बघणाऱ्याची वरची प्रायोरिटी देणं) चालू करणं, आणि तो पृथ्वीवरून बदल पाठवून केला गेला.

झेफरमध्ये म्युटेक्सला हा इनहेरिटन्स मिळतो, सेमाफोरला (मोजणीवर चालणाऱ्या, मालक नसलेल्या खुणेला) मिळत नाही. ‘एक मोजणीचा सेमाफोर म्हणजे म्युटेक्सच की’ असं समजून कुलूप म्हणून सेमाफोर वापरणारे पुष्कळ असतात. तुम्ही त्यातले असाल तर मीटअपला विचारायचा पहिला प्रश्न तयार झाला.

प्रायोरिटीचे आकडेही लक्षात ठेवा. झेफरमध्ये आकडा जितका लहान तितकी प्रायोरिटी वरची. ऋण आकड्याचे थ्रेड (वर ज्यांना ‘काम’ म्हटलं ते) ‘कोऑपरेटिव्ह’ असतात, म्हणजे स्वतःहून थांबेपर्यंत दुसरा कुठलाही थ्रेड त्यांना हटवू शकत नाही, फक्त इंटरप्ट (हार्डवेअरची तातडीची हाक) मध्ये येऊ शकतो. शून्य आणि त्यापुढचे ‘प्रीएम्प्टिबल’, म्हणजे वरच्या प्रायोरिटीचा थ्रेड त्यांना हटवू शकतो. फ्रीआरटीओएस या दुसऱ्या लोकप्रिय रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिममध्ये आकड्यांची दिशा बरोबर उलटी आहे, त्यामुळे तिकडून आलेली मंडळी पहिल्याच दिवशी इथे अडखळतात.

फ्रीआरटीओएसचा विषय निघालाच आहे तर सांगतो, ‘दोघांत चांगलं कोणतं?’ हा प्रश्न मीटअपला विचारू नका. उत्तरं ठरलेली आहेत आणि वेळ फुकट जातो. फ्रीआरटीओएसचा गाभा लहान आणि सुटसुटीत आहे, ड्रायव्हर वगैरे तुम्ही चिपवाल्याच्या एसडीकेमधून (त्यानं दिलेल्या साधनांच्या संचातून) आणता. झेफर ड्रायव्हर, ब्लूटूथ स्टॅक, नेटवर्किंग, फाइल सिस्टिम, शेल, बिल्ड सिस्टिम सगळं एकत्र घेऊन येतं. म्हणूनच सुरुवात जड जाते, आणि म्हणूनच एका चिपवरून दुसरीवर जाताना ॲप्लिकेशनचा कोड फारसा बदलावा लागत नाही.

आधीच्या आठवड्यात: लॅपटॉप तयार करा

हे काम मीटअपच्या जागी करायचं ठरवू नका. वेस्ट हे झेफरचं हाताशी असलेलं हत्यार, म्हणजे कोड आणायला, बिल्ड आणि फ्लॅश करायला वापरायची कमांड. ‘वेस्ट इनिट’नं वर्कस्पेस तयार होते आणि ‘वेस्ट अपडेट’नं झेफरसोबतचे सगळे मॉड्यूल उतरतात. हा ऐवज काही जीबींचा असतो. वर टूलचेन (कोड कंपाइल करणारी साधनं) म्हणजे झेफर एसडीके वेगळी. कंपनीच्या गेस्ट वाय-फायवर पन्नास जण हे एकदम करायला लागले की काय होतं ते सांगायला नको. घरचं नेटही मंद असेल तर अपडेटला ‘नॅरो’ आणि ‘डेप्थ १’ हे पर्याय द्या, गिटचा जुना इतिहास न आणता काम भागतं.

नेमक्या कमांड झेफरच्या अधिकृत ‘गेटिंग स्टार्टेड’ पानावरून घ्या. दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवरून घेऊ नका, पायऱ्या बदलत राहतात. क्रम साधारण असा: सीमेक, निंजा, डिव्हाइसट्री कंपायलर आणि पायथन बसवा, पायथनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट करा, त्यात वेस्ट घ्या, इनिट, अपडेट, पायथनची बाकीची पॅकेजं, शेवटी एसडीके. दुसऱ्या दिवशी लॅपटॉप उघडल्यावर ‘वेस्ट: कमांड नॉट फाउंड’ आलं तर घाबरू नका, व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट पुन्हा चालू करायचं राहिलंय, एवढंच.

उबंटू असेल तर त्रास सगळ्यात कमी. विंडोजवरही चालतं, पण वर्कस्पेस ड्राइव्हच्या मुळाशी, छोट्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा. ‘माय डॉक्युमेंट्स’च्या आत पाचव्या पातळीवर, नावात स्पेस असलेल्या फोल्डरमध्ये ठेवलंत की लांबलचक पाथमुळे चित्रविचित्र एरर येतात. विंडोजच्या आतलं लिनक्स वापरणाऱ्यांनी बिल्डची काळजी करू नये, पण यूएसबी बोर्ड आतल्या लिनक्सला आपोआप दिसत नाही. त्याची जोडणी वेगळी करावी लागते, तीही घरीच करून बघा.

आता बोर्डाशिवाय पहिलं बिल्ड. सॅम्पल्समधलं ‘हॅलो वर्ल्ड’ घ्या, बोर्ड म्हणून ‘क्यूएमयू कॉर्टेक्स एम३’ द्या (क्यूएमयू म्हणजे लॅपटॉपवरच बोर्डाची नक्कल करणारा प्रोग्राम), बिल्ड करा आणि मग ‘रन’ हे टार्गेट चालवा. स्क्रीनवर झेफरच्या बूटची एक ओळ आणि खाली ‘हॅलो वर्ल्ड’ आलं की टूलचेन, पायथन, सीमेक सगळं जागेवर आहे असं समजा. क्यूएमयूमधून बाहेर कसं पडायचं इथे नवखे हमखास अडकतात. कंट्रोल-सी चालत नाही. कंट्रोल-ए दाबून सोडायचं आणि मग एक्स.

बोर्ड बदलून पुन्हा बिल्ड करताना ‘प्रिस्टीन’चा पर्याय द्या, नाहीतर जुन्या बिल्डचे अवशेष नव्यात घुसतात.

बोर्ड कोणता घ्यावा

पहिल्या मीटअपसाठी महागडा डेव्हलपमेंट किट घ्यायची गरज नाही. पुण्यात तपकीर गल्ली किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळणारे दोन बोर्ड पुरेसे आहेत: रास्पबेरी पाय पिको, नाहीतर ईएसपी३२. दोन्ही झेफरमध्ये चालतात. दोघांच्या आपापल्या खोडी मात्र आहेत.

पिकोवर फ्लॅश करणं, म्हणजे प्रोग्राम बोर्डावर चढवणं, सगळ्यात सोपं. बोर्डावरचं ‘बूटसेल’ बटण दाबून धरा, तसंच यूएसबी जोडा, पेनड्राइव्हसारखा एक ड्राइव्ह दिसेल, त्यात बिल्ड फोल्डरमधली यूएफ२ फाइल टाका. झालं. पण घेताना नीट बघा: पिको आणि पिको डब्ल्यू हे दिसायला जुळे असले तरी डब्ल्यूवरचा एलईडी थेट मुख्य चिपला न जोडता वाय-फायच्या चिपमधून जोडलेला आहे. साध्या पिकोसाठी बिल्ड केलेलं ‘ब्लिंकी’ (एलईडी लुकलुकवणारं सॅम्पल) डब्ल्यूवर टाकलं तर प्रोग्राम व्यवस्थित चालतो आणि दिवा मात्र ढिम्म. मग माणूस तासभर कोड तपासत बसतो.

ईएसपी३२च्या मूळ डेव्हकिट-सी बोर्डावर वापरता येण्याजोगा एलईडीच नाही, आहे तो फक्त पॉवरचा. बाजारात मिळणाऱ्या स्वस्त नकलांवर बहुतेकदा एक निळा एलईडी दोन नंबरच्या पिनवर असतो, पण झेफरला तो माहीत नाही. ‘ब्लिंकी’ बिल्ड करायला जाल तर ‘एलईडी झिरो’ सापडत नाही अशी तक्रार येईल. ही तक्रार मला फार उपयोगाची वाटते, कारण ती सोडवताना डिव्हाइसट्री शिकावीच लागते. वाय-फाय किंवा ब्लूटूथ वापरायचं असेल तर ईएसपी३२ बनवणाऱ्या एस्प्रेसिफचे बायनरी ब्लॉब (सोर्स कोडशिवाय मिळणाऱ्या तयार फाइली) वेस्टच्या ‘ब्लॉब्स फेच’नं वेगळे आणावे लागतात, तेही घरीच उरका.

आणि केबल. चार्जिंगपुरत्याच असलेल्या यूएसबी केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. बोर्डाचा दिवा लागतो, पोर्ट दिसत नाही. डेटा जाणारी केबल वेगळी काढून तिच्यावर चिकटपट्टी लावून ठेवा. लिनक्सवर पोर्ट दिसूनही परवानगी नाकारली जात असेल तर स्वतःला ‘डायलआउट’ ग्रुपमध्ये घाला आणि एकदा लॉगआउट करून परत या. सीरियलचा वेग बहुतेक बोर्डांवर ११५२००.

एक संध्याकाळ डिव्हाइसट्रीला द्या

बाकी काही जमलं नाही तरी हे करा. मीटअपमधली निम्मी चर्चा इथे फिरते.

डिव्हाइसट्री म्हणजे बोर्डाचा सातबारा. कुठला यूआर्ट (सीरियल पोर्ट) कुठल्या पत्त्यावर, आय-स्क्वेअर-सीच्या (सेन्सर जोडायच्या दोन तारांच्या) कुठल्या बसवर कुठला सेन्सर, कुठल्या पिनवर एलईडी, ही सगळी नोंद त्यात. केकॉन्फिगचं काम निराळं: सॉफ्टवेअरमधलं काय घ्यायचं आणि काय वगळायचं. सेन्सर बोर्डावर आहे हे डिव्हाइसट्री सांगते, त्याचा ड्रायव्हर कंपाइल करायचा की नाही हे केकॉन्फिग ठरवतं. दोन्ही कल्पना लिनक्स कर्नलमध्येही वापरतात. फरक असा की लिनक्स डिव्हाइसट्री चालू झाल्यावर वाचतं, झेफरमध्ये ती बिल्डच्या वेळीच सी मॅक्रोंमध्ये विरघळते. मायक्रोकंट्रोलरवर मेमरीच एवढीशी, तिथे झाड वाचत बसायला जागा नाही.

या विरघळण्याची एक कटकट आहे. डिव्हाइसट्रीतली चूक डिव्हाइसट्रीची चूक म्हणून दिसत नाही. ती सी कंपायलरच्या किंवा लिंकरच्या तोंडून, दोन अंडरस्कोअरनं सुरू होणाऱ्या ‘डिव्हाइस डीटीएस ऑर्ड’ नावाच्या लांबलचक चिन्हाच्या रूपानं बाहेर येते. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की टूलचेन बिघडली. खरं कारण बहुतेक वेळा दोनपैकी एक असतं: तो नोड (डिव्हाइसट्रीतली त्या भागाची नोंद) डिव्हाइसट्रीत ‘ओके’ केलेला नाही, किंवा नोड आहे पण त्याचा ड्रायव्हर केकॉन्फिगमध्ये बंद आहे.

तपासायचं कसं? बिल्ड फोल्डरमध्ये ‘झेफर’ नावाचा फोल्डर असतो. त्यात ‘झेफर डॉट डीटीएस’ ही फाइल म्हणजे सगळे तुकडे जोडून झालेली अंतिम डिव्हाइसट्री, आणि ‘डॉट कॉन्फिग’ म्हणजे अंतिम केकॉन्फिग. तुम्ही काय लिहिलंत त्यापेक्षा बिल्डला काय मिळालं ते या दोन फाइलींत दिसतं. त्या उघडायची सवय लागली की निम्मे प्रश्न विचारावेच लागत नाहीत.

सरावासाठी तोच निळा दिवा घ्या. ‘ब्लिंकी’ची एक प्रत काढा. तिच्यात ‘ॲप डॉट ओव्हरले’ नावाची फाइल करा. ओव्हरले म्हणजे बोर्डाच्या डिव्हाइसट्रीवर आपली भर किंवा बदल चढवणारी फाइल. त्यात दोन गोष्टी लिहायच्या: ‘जीपीआयओ-एलईडीज’ प्रकारचा एक नोड, ज्यात पहिल्या जीपीआयओ (साध्या ऑन-ऑफ पिनांच्या) कंट्रोलरची दोन नंबरची पिन ‘ॲक्टिव्ह हाय’ म्हणून दिलेली, आणि ‘ॲलियासेस’मध्ये ‘एलईडी झिरो’चं बोट त्या नोडकडे. सी कोडला हात लावायचा नाही. बिल्ड, फ्लॅश, आणि दिवा सेकंदासेकंदाला लुकलुकायला हवा. उलटा वागत असेल, म्हणजे ऑन म्हटल्यावर विझत असेल, तर ‘ॲक्टिव्ह लो’ करून बघा. पुढे एखादा वक्ता ‘ओव्हरलेमध्ये टाकलं की झालं’ म्हणेल तेव्हा तुमच्या डोळ्यांसमोर ही फाइल येईल.

प्रश्न लिहून न्या

आता थोडं पुढे जाऊन स्वतःहून अडका. बीएमई२८० सेन्सर जोडा, तापमान छापायला घ्या. आकडा दशांशात छापायचा तर फ्लोटिंग पॉइंटच्या छपाईचा पर्याय केकॉन्फिगमध्ये चालू करावा लागतो. एखादा मोठा बफर फंक्शनच्या आत घेतलात तर मुख्य थ्रेडचा स्टॅक (त्याच्या कामापुरती राखलेली मेमरी) अपुरा पडून बोर्ड फॉल्ट टाकेल. हे होऊ द्या. झेफरमधला थ्रेड ॲनलायझर चालू करून कोणाचा स्टॅक किती भरतो ते बघा. जिथे अक्कल चालेनाशी होईल तो तुमचा प्रश्न.

तो कागदावर किंवा मोबाइलवर असा लिहा: झेफरची आवृत्ती, बोर्डाचं नेमकं नाव, दिलेली कमांड, आलेली पहिली एरर. शेवटची नको, पहिलीच. शेवटी ‘निंजा: बिल्ड स्टॉप्ड’ सगळ्यांनाच दिसतं, त्यावरून कुणालाही काही सांगता येत नाही. आवृत्ती सांगणं फार गरजेचं, कारण झेफरची नवी आवृत्ती दर काही महिन्यांनी येते आणि मधल्या काळात नावं बदलतात. ३.७ ही जुलै २०२४ मध्ये आलेली दीर्घ मुदतीच्या पाठबळाची, म्हणजे एलटीएस आवृत्ती. उत्पादनवाले बहुधा तिच्यावर असतात, प्रयोग करणारे ‘मेन’ शाखेवर. एकाला लागू पडणारं उत्तर दुसऱ्याला पडेलच असं नाही.

त्या दिवशी

मीटअप बहुतेक एखाद्या कंपनीच्या ऑफिसात असते, प्रवेश फुकट, पण नोंदणी लागते. आयटी पार्कच्या गेटवर ओळखपत्र बघतात आणि लॅपटॉपचा सीरियल नंबर लिहून घेतात. जंपर वायरींनी लडबडलेला उघडा बोर्ड पिशवीत असेल तर सिक्युरिटीवाले काका प्रश्न विचारणारच. बोर्ड डब्यात ठेवा आणि अर्धा तास आधी पोहोचा. नोंदणी करून जाणार नसाल तर रद्द करा. जागा मोजक्या असतात आणि वेटिंगवर कोणीतरी असतं.

नोकरी करत असाल तर एक सावधगिरी. कंपनीचा बोर्ड, कंपनीचा कोड किंवा बाजारात न आलेल्या उत्पादनाचा स्क्रीनशॉट तिथे दाखवू नका. प्रश्न स्वतःच्या बोर्डावर, सॅम्पलच्या कोडमध्ये पुन्हा घडवून दाखवा. तसं करताना निम्म्या वेळा उत्तर आपलं आपल्यालाच सापडतं.

भाषणं इंग्रजीत असतात. सगळं टिपत बसू नका, स्लाइड बहुधा नंतर मिळतात. काही शब्द मात्र कानावर पडले की अर्थ माहीत असावा. ‘इन-ट्री’ म्हणजे झेफरच्या मुख्य रिपॉझिटरीत (कोडच्या कोठारात) असलेलं, ‘आउट-ऑफ-ट्री’ म्हणजे तुमच्याकडे वेगळं ठेवलेलं. ‘अपस्ट्रीम करणं’ म्हणजे आपला बदल मुख्य रिपॉझिटरीत स्वीकारला जाणं. ‘बाइंडिंग’ म्हणजे डिव्हाइसट्रीतल्या एखाद्या प्रकारच्या नोडमध्ये काय लिहायचं याचे नियम. ‘शील्ड’ म्हणजे बोर्डावर बसणारा जोडबोर्ड. ‘ट्विस्टर’ म्हणजे चाचण्या चालवणारं साधन. ‘एमसीयूबूट’ म्हणजे सही तपासून फर्मवेअर चालवणारा बूटलोडर. पॉवर मॅनेजमेंटवरचं भाषण असेल तर पुढच्या रांगेत बसा. बॅटरीवर वर्षभर चालणारी वस्तू बनवताना काय काय आडवं येतं ते ऐकायला मिळणं दुर्मीळ असतं.

भाषणानंतरच्या प्रश्नोत्तरांत नवख्यानं गप्प बसावं असा काही नियम नाही. एका ओळीत विचारा. ‘माझा एक प्रश्न कम कॉमेंट आहे’ म्हणून पाच मिनिटं घेणारे दर मीटअपला असतात, त्यांच्यात भर नको.

खरी मजा चहाला. ज्यांच्या टेबलावर बोर्ड मांडलेत तिथे जा. डेमो मांडणाऱ्याला कोणीतरी विचारावं हीच इच्छा असते. ‘हे काय आहे?’ विचारलंत तर पाठ केलेलं उत्तर मिळेल. ‘यातला कुठला भाग करताना सगळ्यात जास्त डोकं खाल्लं?’ असं विचारून बघा, लोक खुर्ची ओढून सांगायला बसतात. मराठीत बोलायला लाजू नका. समोरचा सांगलीचा निघाला तर उत्तर दुप्पट मोठं मिळतं. मग तुमचा प्रश्न काढा, लॅपटॉप उघडा, पहिली एरर दाखवा. कीबोर्ड समोरच्याच्या हातात देऊ नका, तो सांगेल ते तुम्ही टाइप करा. नाहीतर प्रश्न सुटतो आणि कसा सुटला ते कळत नाही.

रेझ्युमे छापून वाटू नका. कोणाशी तासभर एका बगवर बोलणं झालं असेल तर तो स्वतःच विचारतो की सध्या काय करतोस, काय करतेस. आणि कोणी उर्मटपणे किंवा नकोसं वागलं तर आयोजकांना तिथल्या तिथे सांगा. झेफर प्रकल्पाची आचारसंहिता आहे, ती कागदापुरती राहू नये यासाठी तक्रार करणारी माणसंही लागतात.

नंतरच्या आठवड्यात: पहिला पुल रिक्वेस्ट

चहाच्या गप्पांत मिळालेलं उत्तर डॉक्युमेंटेशनमध्ये सापडत नसेल तर तुमचं पहिलं योगदान, म्हणजे पहिला पुल रिक्वेस्ट (आपला बदल मुख्य कोडमध्ये घ्या अशी विनंती), तेच. एक परिच्छेद दुरुस्त करा, एखाद्या सॅम्पलला तुमच्या बोर्डासाठीचा ओव्हरले जोडा. गिटहबवर ‘गुड फर्स्ट इश्यू’चं लेबल लावलेली कामंही असतात, पण ती पटकन उचलली जातात. स्वतःला लागलेली ठेच सगळ्यात चांगली.

काही नियम आधी माहीत असलेले बरे. प्रत्येक कमिटवर (गिटमध्ये नोंदवलेल्या बदलावर) खऱ्या नावानं ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लागतं. गिटच्या कमिटला ‘मायनस एस’ दिलं की ती ओळ आपोआप येते. तिचा अर्थ असा की हा कोड द्यायचा हक्क मला आहे. म्हणूनच नोकरी करणाऱ्यांनी कंपनीची परवानगी आधी घ्यावी. कमिटच्या शीर्षकात आधी विभाग, मग कोलन, मग काय केलं ते. खाली कारण दोन-तीन वाक्यांत लिहा, रिकामं ठेवलेलं कमिट तपासणीतच अडतं. रिव्ह्यूत कोणी बदल सुचवला तर वर ‘फिक्स्ड रिव्ह्यू कॉमेंट्स’ नावाचं नवं कमिट चढवू नका. मूळ कमिटच सुधारा, रीबेस करा (ताज्या कोडवर परत बसवा) आणि फोर्स-पुश करा (जुन्या कमिटच्या जागी नवं चढवा). बाकी ठिकाणी फोर्स-पुश म्हणजे पाप, इथे तीच रीत.

पुल रिक्वेस्ट टाकल्यावर ट्विस्टर आणि शैलीच्या तपासण्या आपोआप चालतात. लाल फुल्या आल्या तर लॉग उघडून वाचा. बहुतेक वेळा ओळीची लांबी किंवा शेवटची स्पेस असते. मग माणसांची पाळी. त्या भागाच्या मेंटेनरची (तो सांभाळणाऱ्याची) आणि आणखी निदान एकाची संमती लागते, आणि सर्वांना बघायला वेळ मिळावा म्हणून बदल साधारणपणे कामाचे दोन दिवस उघडा ठेवतात. आवृत्ती निघायच्या आधीच्या आठवड्यांत फक्त दुरुस्त्या घेतात, तेव्हा तुमचा नवा बदल पडून राहिला तर रुसू नका. आठवडाभर शांतता असेल तर एक नम्र ओळ टाका, किंवा प्रकल्पाच्या डिस्कॉर्डवर त्या विभागाच्या चॅनेलमध्ये विचारा. मीटअपला भेटलेला माणूस त्या भागात काम करत असेल तर त्याला बघायला सांगण्यात काही गैर नाही.

गावात मीटअप नसेल तर

नाशिक, कोल्हापूर, संभाजीनगर, पणजी इथल्या वाचकांनी पुण्या-मुंबईची वाट बघायची गरज नाही. झेफरच्या वार्षिक डेव्हलपर समिटची भाषणं प्रकल्पाच्या यूट्यूब चॅनेलवर आहेत. २०२१ ला ती समिट ऑनलाइन झाली, २०२२ ला कॅलिफोर्नियातल्या माउंटन व्ह्यूला, २०२३ ला प्रागला. त्यातलं एक भाषण निवडा, कॉलेजच्या लॅबमध्ये सात-आठ जण जमा, मध्येमध्ये थांबवत बघा आणि उरलेला वेळ बोर्डांवर घालवा. परकं भाषण लावायचं नसेल तर कोणीतरी आपलाच ओव्हरले दहा मिनिटं समजावून सांगा.

आयोजनाला फार काही लागत नाही. आदल्या रात्री एकानं ‘वेस्ट अपडेट’ झालेली पूर्ण वर्कस्पेस आणि विंडोज-लिनक्स दोन्हीसाठीच्या एसडीके पेनड्राइव्हवर घ्याव्यात, म्हणजे लॅबच्या नेटवर अवलंबून राहावं लागत नाही. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट मात्र कॉपी करू नका, त्यात पाथ पक्के झालेले असतात. ते प्रत्येकानं आपापल्या लॅपटॉपवर नव्यानं करायचं, आणि पायथनच्या पॅकेजांपुरतं मोबाइलचं नेट पुरतं. डेटा जाणाऱ्या दोन-तीन जादा केबल ठेवा. आणि लॅबमध्ये चालू असलेले प्लग किती आहेत ते आधी बघून त्या हिशोबानं एक्स्टेन्शन बोर्ड आणा. लॅब असिस्टंटना कळवलं असेल तर तेच काढून देतात.